हान्लेची वेधशाळा, ७१ वर्षांचे बाबा आणि अमावास्या: नियोजनासाठी मदत हवी

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज कामासाठी पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

बाबांना लडाखमधली हान्लेची वेधशाळा बघायची आहे. वय ७१, एमएसईबीतून निवृत्त, रक्तदाबाची एक गोळी सोडली तर ठणठणीत. रोज सकाळी गोदाघाटापर्यंत चालत जाऊन येतात. आकाशाचं वेड जुनं. १०x५० ची द्विनेत्री गळ्यात अडकवून गच्चीवर जातात आणि खाली येऊन सांगतात, "आज चार तारे होते. त्यातलं एक विमान निघालं." मागच्या महिन्यात कुठल्याशा व्हिडिओत हान्लेचं आकाश पाहिलं आणि तेव्हापासून जेवताना, चहा पिताना, भाजी निवडताना एकच विषय.

जाणार आम्ही चौघं: बाबा, मी, नवरा आणि लेक (इयत्ता पाचवी). विचार सप्टेंबर २०२६ चा. मुंबई-लेह विमान, एक दिवस लेहमध्ये आराम, दुसऱ्या दिवशी हान्ले, तिथे एक रात्र, की परत. एकूण पाच दिवस, कारण नवऱ्याला रजा तेवढीच. जमेल का? आणि मुख्य म्हणजे तिथल्या मोठ्या दुर्बिणीतून आपल्याला बघू देतात का? लेक शाळेत सांगून बसलीय की ती त्यातून शनीची कडी बघणार. तिकीट असेल तर तेही काढू.

लेहदोनदा
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच सगळ्यांचा विरस होतो. नाही. त्या दुर्बिणीतून कोणीच बघत नाही, शास्त्रज्ञसुद्धा नाहीत.

सरस्वती पर्वतावर, साधारण ४,५०० मीटर उंचीवर जी मुख्य दुर्बीण आहे ती हिमालयन चंद्र टेलिस्कोप. आरसा २ मीटरचा. 'चंद्र' म्हणजे आकाशातला नव्हे, खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. २००० साली तिनं पहिला प्रकाश टिपला. तिला डोळा लावायला भिंगच नाही, मागे कॅमेरा आणि वर्णपटमापक बसवलेत. ती चालवतात बंगळुरूजवळच्या होसकोट्याहून, उपग्रहाच्या दुव्यावरून. दुर्बीण थंडीत कुडकुडतेय, चालवणारा खाली बसून इडली खातोय.

शनीची कडी मात्र लेकीला नक्की दिसतील, फक्त गावात. त्याबद्दल रात्री सविस्तर लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

आगाऊ
म्हणजे शास्त्रज्ञसुद्धा जिथे जायचं टाळतात तिथे तुम्ही ७१ वर्षांच्या बाबांना नेताय. चालू द्या.

बाय द वे, बाबा एमएसईबीत होते म्हणजे महाराष्ट्रात त्यांनीच दिवे लावले की! आता अंधार बघायला लडाखला. :ड

गोदाकाठ
@आगाऊ, हे वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं. ते अजून हसतायत. "उत्तर देईन म्हणावं," म्हणाले.

डॉ_निवांत
मी पॉपकॉर्न घेऊन बसणार होतो, पण 'दुसऱ्या दिवशी हान्ले' वाचून उठलो.

गोदाकाठ, हा बेत मोडा. नाशिक ६०० मीटरच्या आसपास. विमानानं तुम्ही काही तासांत ३,५०० मीटरवर उतरता. शरीराला काही कळायच्या आत लगेच हान्ले गाव, ४,३०० च्या जवळ. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. साधा नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात फार तर ५०० मीटरनं वाढवायची. दिवसा कितीही वर जाऊन या, महत्त्वाचं काय तर रात्री कुठे झोपता.

लेहमध्ये किमान दोन, बाबांसाठी तीन रात्री. पहिला दिवस अक्षरशः लोळायचं. शांतीस्तूपाच्या पायऱ्या नाहीत, बाजार नाही, आंघोळही राहू द्या. मग वाटेत चुमाथांगला एक मुक्काम, मग हान्ले. अतिउंचीचा त्रास वय बघून येत नाही. तिशीतला जिमवाला आडवा होतो आणि आजोबा टुणटुणीत असतात. उलटंही होतं. म्हणून "बाबा रोज चालतात" यावर विसंबू नका. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी, ईसीजी, आणि रक्तदाबाच्या गोळीसोबत डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) चालेल का हे विचारणं. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही आधी सांगा. माझा प्रतिसाद वाचून गोळी घेऊ नका. मुलीसाठी बालरोगतज्ज्ञांना वेगळं विचारा. मुलं डोकं दुखतंय असं नीट सांगत नाहीत, नुसती किरकिर करतात.

आणि एक. डोकेदुखी, मळमळ वाढत चालली, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर उपाय एकच: खाली उतरणं. "सकाळी बघू" नाही.

घाटवाट
डॉक्टर जरा घाबरवतायत असं वाटतं. आमच्या गल्लीतले आजोबा ७८ व्या वर्षी खारदुंग ला या उंच खिंडीत जाऊन आले, तिथे चहाही प्यायले. माणसाची इच्छाशक्ती असली की होतं सगळं.

डॉ_निवांत
@घाटवाट, खारदुंगला चहा पिऊन तासाभरात खाली उतरतात. हान्लेला झोपायचं आहे. आणि इच्छाशक्तीनं रक्तातला प्राणवायू वाढत नाही, नाहीतर मी दवाखान्यात तीच विकली असती.

सुपारीएवढं
मला इथे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. ३ वर्षांपूर्वी आम्ही नेमका हाच बेत केला होता. शनिवारी लेह, रविवारी हान्ले. गाडीवाला "कुछ नहीं होता" म्हणाला आणि आम्हाला तेच ऐकायचं होतं.

न्योमापर्यंत नवरा गाणी म्हणत होता. लोमाचा पूल ओलांडल्यावर गप्प झाला. हान्लेला पोचलो तेव्हा त्याला बुटाची नाडी सोडता येईना. बोटं चालत होती, पण गाठ कशी सुटते हेच आठवत नव्हतं. मी आधी हसले. मग त्यानं वर बघून "ही कुणाची चप्पल आहे?" असं विचारलं, आणि माझं हसू गेलं. होमस्टेच्या काकूंनी एका नजरेत ओळखलं, प्राणवायूचा सिलिंडर लावला आणि गाडीवाल्याला झोपेतून उठवून अर्ध्या तासात खाली पाठवलं. रात्रभर उताराचा रस्ता. नवरा मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर डोकं. लेहच्या जवळ आल्यावर त्याला हळूहळू गाणी आठवायला लागली.

त्या रात्री आकाश कसं होतं? मला खरंच माहीत नाही. मी एकदाही वर पाहिलं नाही.

डॉ_निवांत
सुपारीएवढं, यात लाज कसली. काकूंनी अगदी योग्य केलं. गाठ सोडता न येणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण असू शकतं. गोदाकाठ, माझा लांबलचक प्रतिसाद विसरलात तरी चालेल, हा विसरू नका.

गोदाकाठ
वाचून पोटात गोळा आला. नवऱ्यालाही वाचायला दिलं. तो म्हणाला, रजेचं बघतो.

तिथीमिती
आरोग्याचं झालं, आता आकाशाचं बघू. तुम्ही 'सप्टेंबर' म्हणालात, पण कोणता? हान्लेला पौर्णिमेला जाणं म्हणजे आमरसाला जाऊन नुसती पोळी खाणं. चंद्र असला की त्या उंचीवर वर्तमानपत्र वाचता येईल इतकं लख्ख असतं, आकाशगंगा पुसली जाते. अमावास्येच्या आसपासचे चार-पाच दिवस धरा.

पंचांग उघडलं आणि लक्षात आलं की मराठी माणसानं हान्लेला जायचंच नाही अशी व्यवस्था आहे. यंदा ज्येष्ठ अधिक असल्यामुळे सगळे सण लांबलेत. १२ ऑगस्टला आषाढी अमावास्या, म्हणजे गटारी. ११ सप्टेंबरची अमावास्या पोळ्याची, आणि तीन दिवसांवर, १४ ला, गणपती. १० ऑक्टोबरला सर्वपित्री, दुसऱ्या दिवशी घटस्थापना. पुढची थेट दिवाळीत, लक्ष्मीपूजनाला.

आगाऊ
गटारीला जा. तसंही चांदण्या दिसतात, विमानाचा खर्च वाचेल.

वांगणीकर
हसू नका, गटारीची रात्र यंदा खरंच सोन्यासारखी आहे. १२-१३ ऑगस्टला ययाती उल्कावर्षावाचा जोर असतो आणि चंद्र अजिबात नाही. असा योग दरवर्षी येत नाही. पण लडाखमध्ये ऑगस्ट मला आवडत नाही. पर्जन्यछायेचा प्रदेश असला तरी पावसाळ्याचे ढग अधूनमधून हिमालय ओलांडतात, आणि तिथल्या मातीच्या डोंगरांना पावसाची सवय नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटीनं काय झालं ते आठवा. रस्ते बंद होतात ते वेगळंच.

माझं मत ऑक्टोबर. हवा कोरडी, आकाश धुतल्यासारखं, गर्दी ओसरलेली. धनु राशीकडचा आकाशगंगेचा गाभा तेव्हा संध्याकाळीच पश्चिमेकडे कलतो, तो अंधार पडल्याबरोबर बघून घ्यायचा. पण देवयानी दीर्घिका जवळजवळ डोक्यावर येते. बाबांच्या १०x५० मधून ती नुसता ठिपका नाही दिसणार, लांबट धुरकट पट्टा दिसेल. आणि लेकीचा शनी ४ ऑक्टोबरला प्रतियुतीत आहे, म्हणजे संध्याकाळपासून पहाटेपर्यंत आकाशात. फक्त तिला आधी सांगून ठेवा, कडी २०२५ मध्ये आपल्याला अगदी कडेनं दिसत होती, अजून फारशी उघडलेली नाहीत. पुस्तकातल्या चित्राएवढी रुंद दिसणार नाहीत.

थंडी मात्र कडक. रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो.

सातासमुद्रापार
१२ ऑगस्टला मी स्पेनमध्ये असणार, खग्रास सूर्यग्रहण आहे. जळा. ;)

विषय वेधशाळेचा आहे म्हणून सांगतो. मी हवाईला मौना केआला गेलो होतो. शिखर ४,२०५ मीटर. तिथे पद्धत चांगली आहे: २,८०० मीटरवर अभ्यागत केंद्र, तिथे किमान अर्धा तास थांबायचं, मगच वर. पुढच्या रस्त्याला चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी. आदल्या चोवीस तासांत स्कूबा केलं असेल तर जाऊ नका म्हणतात, लहान मुलांना नेऊ नका म्हणतात. आणि सूर्यास्त झाला की अर्ध्या तासात पर्यटकांनी शिखर सोडायचं. म्हणजे तारे बघायला गेलात तर तारे उगवायच्या वेळेला खाली हाकलतात! आम्ही केंद्रापाशी उतरून पाहिले. तिथूनच मस्त दिसत होते. वर गेल्यावर उलट डोळ्यांपुढे सगळं पातळ वाटत होतं.

डॉ_निवांत
ते खरं आहे. प्राणवायू कमी पडला की अंधुक प्रकाश टिपायची डोळ्याची ताकद घटते. रात्रीची नजर सगळ्यात आधी मंदावते.

आगाऊ
थांबा. म्हणजे हान्लेला जाऊन कमी दिसणार?

लेहदोनदा
अरे बाबा, नाशिकच्या गच्चीवरून चार दिसतात (एक विमान), तिथे कमी म्हणजे किती कमी? :)

आता कबूल केलेला प्रतिसाद.

वेधशाळेच्या आजूबाजूचा १,०७३ चौरस किलोमीटरचा पट्टा २०२२ मध्ये 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून जाहीर झाला. आपण त्याला अंधार अभयारण्य म्हणू. वाघाऐवजी अंधार जपायचा. घरांना जाड पडदे, बाहेरचे दिवे झाकलेले, गाड्यांनी हेडलाइट मंद ठेवायचे. सगळ्यात शहाणपणाचं काम म्हणजे गावातल्याच मुलामुलींना प्रशिक्षण देऊन दुर्बिणी दिल्या. पर्यटक त्यांच्या घरी उतरतात, तेच आकाश दाखवतात, पैसा गावात राहतो. तुम्हाला हवी ती हीच दुर्बीण.

आमच्या यजमानाची मुलगी विशीतली. ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे दिसायला गिझरच्या टाकीसारखी नळी आणि खाली लाकडी गोल बैठक. अंगणात याकच्या शेणाच्या गोवऱ्यांचा ढीग, त्याच्या आडोशाला तिनं ती लावली, वारा लागू नये म्हणून. लाल टॉर्च. पहिली सूचना: "नाकानं श्वास घ्या, तोंड बाजूला." कारण श्वास भिंगावर पडला की दव धरतं आणि क्षणात त्याचं बर्फ होतं. माझ्या पुढच्या गृहस्थांनी "वाऽऽ" म्हटलं आणि पुढची दहा मिनिटं ती बाई ते भिंग काखेत धरून गरम करत बसली. तेव्हापासून सगळे मुक्यानं बघत होते.

पण खरं सांगू, दुर्बिणीची गरज पहिल्या तासात लागलीच नाही. इतके तारे की ओळखीची नक्षत्रं सापडेनात. मी वीस वर्षं आकाश बघतोय आणि मला शर्मिष्ठा शोधायला वेळ लागला! आपण शहरात सांगाड्यावरून ओळखतो, तिथे अंगावर मांस असतं.

प्रवासाचं: लेह, कारू, उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा, हान्ले. अंदाजे अडीचशे किलोमीटर, थांबत गेलात तर पूर्ण दिवस. चुमाथांगला गरम पाण्याचे झरे रस्त्याला लागून, बाबांना आवडतील. टाकी लेहमध्येच भरून घ्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, निदान एकाकडे पोस्टपेड हवं. सीमाभाग आहे, ओळखपत्रांच्या प्रती भरपूर ठेवा. परवान्याचे नियम बदलत असतात, ते लेहच्या प्रशासनाच्या संकेतस्थळावर निघायच्या आधी बघा. गाडी लेहचीच करा, बाहेरच्या भाड्याच्या गाडीवरून तिथे भांडणं होतात.

वेधशाळेच्या टेकडीवर दिवसा जा. रात्री जाऊ नका, दुर्बिणी काम करत असतात आणि गाडीचा एक झोत म्हणजे त्यांच्या डोळ्यात बोट.

ट्रॉम्बेकर
दिवसा गेलात की मेस नावाची दुर्बीण चुकवू नका. २१ मीटर व्यासाची गॅमा किरणांची दुर्बीण, वजन १८० टन. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं. आमच्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे, म्हणून छाती जरा फुगवून सांगतो. आरसा काचेचा नाही, धातूचे लहान लहान चौकोन जोडलेले, हजाराच्या वर. गॅमा किरण वातावरणात शिरले की निळसर प्रकाशाची एक झुळूक उठते, सेकंदाचे जेमतेम काही अब्जांश टिकणारी, तीच ही पकडते. म्हणजे ही दुर्बीण तारा बघत नाही, ताऱ्याच्या धक्क्यानं हवेत उठलेली ठिणगी बघते.

शेजारी हगार नावाच्या ७ छोट्या दुर्बिणी आहेत, त्यात टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा. आणि आयआयटी मुंबईच्या भागीदारीतली ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया, ती तर आपली आपणच चालते. मुंबईकरांनी तिथे घर केल्यासारखं आहे.

घाटवाट
अंधार अभयारण्य वगैरे ठीक, पण तुम्ही लोक असे धागे काढून काढूनच ते संपवणार. गेल्या वर्षी आम्ही उमलिंग ला ही खिंड करून हान्लेला आलो तर रात्री ११ वाजता रिल्सवाल्यांची टोळी, डोक्याला पांढऱ्या टॉर्च, गाड्या वळवतायत. कासला जे झालं तेच.

लेहदोनदा
@घाटवाट, तुम्ही उमलिंगला कशानं गेला होतात? बाइकनं ना? हेडलाइट होता की मेणबत्ती?

घाटवाट
दिवसा गेलो होतो. आणि तुमच्यासारखे ज्ञान पाजळत नव्हतो.

संपादक मंडळ
वैयक्तिक होऊ नका. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

खोडदचा_शेजारी
एवढं वर कशाला? आमच्याकडे या की. खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या, नारायणगावची मिसळ आणि उंचीचा त्रास शून्य. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या आसपास, मोठं प्रदर्शन भरतं, शाळांच्या बसची रांग लागते. तिथून जवळच गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची २ मीटरची दुर्बीण, २००६ पासून. म्हणजे हान्लेच्याच मापाची. मात्र ती संशोधनाची जागा आहे, उठलं की निघालं असं चालत नाही, आधी परवानगी लागते.

वांगणीकर
शेजारी, जीएमआरटीला डोंगर लागत नाही, उलट डोंगराआडची बशी लागते, मोबाईलचा आणि मोटारींचा विद्युतगोंगाट अडवायला. तिथे रात्र-दिवस सारखेच. बाबांना डोळ्यांनी बघायचं आहे.

डोळ्यांनी बघायचं आणि वर जायचं नाही, तर दोन जागा. एक, नैनितालकडे देवस्थळ: ३.६ मीटरची दुर्बीण, २०१६ पासून, उंची २,४५० मीटर. दुसरी माझी लाडकी, तमिळनाडूत जव्वादू टेकड्यांत कावलूर. अवघी ७२५ मीटर. १९७७ मध्ये युरेनसची कडी सापडली त्या निरीक्षणांत तिथली दुर्बीणही होती. शनिवारी सर्वसामान्यांना प्रवेश असतो आणि आकाश स्वच्छ असेल तर लहान दुर्बिणीतून दाखवतात, आधी चौकशी करा. जायचं जानेवारी ते मार्च.

आता गंमत. हान्ले जवळजवळ ३३ अंश उत्तरेला. तिथून दक्षिणेचा अगस्त्य तारा क्षितिजापासून जेमतेम साडेचार अंश वर येतो, म्हणजे डोंगरात गडप. त्रिशंकू नक्षत्र उगवतच नाही. आपल्या पुण्यातून अगस्त्य १८ अंश वर चढतो, त्रिशंकूही अकरा-एक अंश दिसतो. दक्षिणेचं आकाश हवं असेल तर लडाखपेक्षा सिंधुदुर्गातला एखादा अंधारा सडा बरा. वांगणीच्या रात्रींना खगोल मंडळात येणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो आणि ती माझ्याकडे संशयानं बघतात.

जुनीकागदं
अवांतर करतोय, पण राहवत नाही. पुण्यात एकेकाळी देशातली सर्वात मोठी दुर्बीण होती हे किती जणांना माहीत आहे? भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रबकडची २० इंची परावर्तक दुर्बीण. चालवणारे कावसजी दादाभाई नायगमवाला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला ते सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून बसले होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालच्या डोंगरावर गेलं.

तेव्हापासून पुणेकर आकाशाकडे फक्त पाऊस आहे का बघायला पाहतात.

आगाऊ
आणि तेही शेजाऱ्याच्या गच्चीवरून.

रेशीमकाठी
वाचनखूण साठवली. धागाकर्ती गायब झाल्या वाटतं, नेहमीप्रमाणे.

गोदाकाठ
गायब नाही हो, घरात परिषद चालू होती. चार दिवस बाबांनी हा धागा प्रिंट काढून, पेन्सिलीनं खुणा करत वाचला. डॉक्टरांकडे जाऊन आलो, ईसीजी आणि टू-डी एको झालं. ते म्हणाले हरकत नाही, पण सावकाश. डायमॉक्सबद्दल त्यांनी नीट समजावलं. आता बाबांना स्वतः लिहायचंय. मी टंकतेय, ते सांगतायत.

—

सर्वांना नमस्कार. मी गोदाकाठचा बाप.

प्रथम श्री. आगाऊ यांना उत्तर. होय, मी दिवे लावले. चाकरीची पहिली काही वर्षं पेठ आणि सुरगाणा तालुक्यात गेली. एका पाड्यावर खांबावरचा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा सगळा पाडा टाळ्या वाजवत होता. आठवड्यानं दुरुस्तीला गेलो तर दिव्यावर वेताची टोपली पालथी टांगलेली. एका म्हातारीनं मुलाला खांबावर चढवून टांगायला लावली होती. म्हणाली, "साहेब, कोंबड्या झोपंनात." मी नियमानुसार टोपली काढली. त्या रात्री मुक्काम तिथेच होता, आणि जाताना परत टांगून आलो. हान्लेत पडदे लावतात हे वाचून मला ती म्हातारी आठवली.

सुपारीएवढं ताई, तुमचा मजकूर मी दोनदा वाचला. आमचा पहिला बेत मी रद्द केला आहे. त्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावायला जागा नाही याचं वाईट वाटलं नाही. मला ती दिवसा बाहेरून बघायची आहे. एवढ्या उंचीवर वायर कशी ओढली असेल, तारा थंडीत किती आकसत असतील, तेही बघेन.

श्री. वांगणीकर, त्रिशंकूचं गणित मी ताडून पाहिलं, बरोबर आहे. जानेवारीत कावलूर करू. गुडघ्यांना तोवर कळवून ठेवतो.

राहता राहिली सर्वपित्री. माझ्या वडिलांची तिथी पंचमीची आहे, महालय त्या दिवशी उरकून मग निघू. गणपती दीड दिवसांचा असतो, तो प्रश्न नाही.

आगाऊ
काका, दंडवत. टोपलीवाल्या म्हातारीला पण. तरी एक शंका: समजा सर्वपित्रीला हान्लेत पान ठेवावंसं वाटलं, तर ४,३०० मीटरवर कावळा कुठून आणणार?

लेहदोनदा
कावळ्यांची काळजी नको. पिवळ्या चोचीचे कावळे आहेत तिथे, चफ म्हणतात. आमचा अर्धा पराठा हातातून नेला होता. गावाजवळच्या पाणथळीत नशीब असेल तर काळ्या मानेचे क्रौंचही दिसतील, पण ते पानाला शिवतील याची खात्री देत नाही.

सुपारीएवढं
काका, तिथे रात्री बाहेर उभे राहाल तेव्हा एकदा माझ्या वाटचं वर बघा.

गोदाकाठ
बाबा "हो" म्हणतायत.

अंतिम बेत: ४ ऑक्टोबरला लेह, तीन रात्री लोळण. ७ ला चुमाथांग. ८, ९, १० हान्ले, कारण एखादी रात्र ढगाळ निघाली तर हातात दुसरी हवी. एखाद्याचं डोकं जरी दुखलं तरी पुढे जायचं नाही, हे चौघांनी सह्या करून कागदावर लिहिलंय. बाबांची सही सगळ्यात मोठी. नवऱ्यानं रजा वाढवून घेतली, कशी ते मी विचारलं नाही. लेकीला कडी बारीक दिसतील हे सांगितलं, ती म्हणाली मग पुढच्या वर्षी परत जाऊ.

लोकरीचे मोजे नाशिकला चांगले कुठे मिळतात? बाबांनी आत्तापासून रात्री गच्चीवर मोजे घालून सराव सुरू केलाय. काल खाली आले आणि म्हणाले, "आज सहा होते. विमान एकही नाही."

आगाऊ
मेनरोडला बघा. आणि काकांना म्हणावं, दोन नक्की ड्रोन असतील.